रुमालाखालचा तिसरा हात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलीला नाही, ज्या एका स्नेह्याजवळ आयुष्यभर मन मोकळे करत आलो त्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलणे सोपे जाईल असे वाटले होते. तसे ते नाही. आत्ताही, दुपारच्या उजेडात, घराचे दार आतून लावून मी हे लिहितो आहे.

मी नेवासे तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होतो. नुकताच निवृत्त झालो. लोक मला सर म्हणतात आणि माझ्याविषयी बरे बोलतात. विशेषतः एका गोष्टीसाठी. आमच्या भागात एका माणसाचा खून झाला, खटला उभा राहिला, साक्षीदार एकामागून एक फितूर झाले, आणि सर तेवढे उभे राहिले — असे लोक म्हणतात. आरोपी सुटला, पुराव्याअभावी सुटला, पण सर उभे राहिले. हे अगदी खोटे आहे असेही नाही. उभा मी होतोच. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माणूस उभाच असतो.

पण मी पुढे जातो आहे. आधी बाजाराविषयी सांगायला हवे, नाहीतर तुम्हाला पुढचे काहीच कळणार नाही.

घोडेगावला शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. माझे वडील त्या बाजारात दलाल होते. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, मध्ये दलाल. किंमत तोंडाने बोलायची नाही, हा तिथला शिरस्ता. दलाल समोरच्याचा हात हातात घेतो, वर खांद्यावरचा रुमाल टाकतो, आणि मग बोटे बोलतात. एक बोट दाबले तर एक आकडा, दोन धरली तर दुसरा, तळहातावर नख फिरवले तर त्याच्यातला अर्धा. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी रुमालाखाली काय चालले आहे ते कुणाला कळत नाही. सौदा जमला की दोघे हात तसेच धरून एकदा जोराने झटकतात. त्यानंतर शब्द फिरवायचा नाही. आणि रुमालाखालचा आकडा बाहेर, चारचौघांत, कधीही उच्चारायचा नाही.

पदवी घेऊन नोकरीची वाट पाहत होतो त्या काळात वडिलांच्या हातांना कंप सुटला. थरथरत्या हाताने सौदा कसा करणार? समोरच्याला चुकीचाच आकडा जायचा. म्हणून काही वर्षे शुक्रवारी मी त्यांच्या जागेवर बसलो. चेहऱ्याकडे पाहायचे नाही, असे वडिलांनी मला शिकवले होते. चेहरा खोटे बोलतो, हात बोलत नाही, असे ते म्हणत. मी मान खाली घालून हात धरत असे. वर्षभरात असे झाले की रुमालाखाली हात आला की नाव आपोआप मनात यायचे. यात कौतुकाचे काही नाही. तुम्हीही घरातल्या माणसाचे पाऊल जिन्यावर ओळखत असालच.

संपतशेठचा हात मी त्याच काळात ओळखू लागलो. तो तेव्हा तरुण व्यापारी होता. कधीतरी बैलाच्या कासऱ्यात सापडून त्याचे मधले बोट आखडले होते, पुरते मिटायचे नाही. पण ओळख त्या बोटाची नव्हती. बाजारात निम्म्या लोकांची बोटे कासऱ्याने दुखावलेली असतात. ओळख होती ती त्याच्या पकडीची. तो आधी अंगठा टेकवायचा, जणू चाचपून पाहतो आहे, आणि मग एकाएकी सगळा पंजा आवळायचा. दुसरे कुणी तसे करत नसे.

आणि दानियल. दानियल हा वडिलांच्या हाताखाली आलेला मुलगा, श्रीरामपूरकडचा, ख्रिस्ती कुटुंबातला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. मला नोकरी लागली आणि वडिलांची जागा त्याने घेतली. वडील गेले तेव्हा त्यांना खांदा देणाऱ्यांत तो होता. मला तो दादा म्हणायचा. शाळा सुटली की मी शुक्रवारी बाजारात त्याच्याकडे चहाला जायचो, आणि तो माझा हात उलटा करून चारचौघांना दाखवायचा. "बघा रं, दादाचा हात! पार खडूचा झालाय. ह्यो हात धरला तर बैल शिंकल!" लोक हसायचे. मीही हसायचो. त्याची बायको मार्था हिला मी वहिनी म्हणत असे — वयाने लहान असली तरी.

घटनेच्या आधीच्या शुक्रवारी एक सौदा झाला. एका शेतकऱ्याची बैलजोडी, दलाल दानियल, घेणारा संपतशेठ. रुमालाखाली आकडा ठरला, हात झटकला गेला. आणि संपतशेठने पैसे काढताना कमी आकडा उच्चारला. हाच ठरला होता, असे तो शांतपणे म्हणाला. रुमालाखालचा साक्षीदार कुठून आणणार? विकणारा म्हातारा गप्प झाला. दानियल गप्प राहिला नाही. त्याने बाजारात कुणी करू नये ते केले. रुमाल वर धरला आणि खरा आकडा ओरडून सांगितला.

"ह्यो आकडा हुता शेठ, ह्यो! पुन्यांदा हात धरून दाखवू का समद्यांम्होरं?"

आकडा फोडणे हे बाजारात वाईटच. दोन-तीन जुने दलाल त्याच्यावर चिडलेही. पण हसू उमटले ते संपतशेठवर. आणि त्या दिवशी, त्यानंतर, बाजारात त्याच्या हातात कुणी हात दिला नाही. तो हात पुढे करायचा आणि समोरचा रुमाल झटकून खांद्यावर टाकायचा. एवढेच. पण ज्याचा सगळा व्यवहार हातावर चालतो, त्याला हे काय असेल, याचा तुम्हीच विचार करा.

पुढच्या शुक्रवारी मी नेहमीसारखा गेलो. बाजार उलगत आला होता. टेम्पोत जनावरे चढवायच्या उतारापाशी धुळीचा असा लोट उठला होता की चार हातांवरचा चेहरा ओळखू येईना. मावळतीचा उजेड त्या धुळीत अडकला होता. अशा वेळी सगळेच तोंडाला रुमाल गुंडाळतात, त्यामुळे तोंड बांधलेला माणूस तिथे कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मी दानियलची पाठ पाहिली. त्याच्या मागे दुसरा एक माणूस. मग लोखंडी दांडक्याचा आवाज — मी त्याचे वर्णन करणार नाही. मी धावलो. दांडके पुन्हा वर गेले तेव्हा मी तो हात पकडला. त्याने दांडके टाकले, आणि सुटण्यासाठी उलट माझाच हात धरला. आधी अंगठा टेकला. मग सगळा पंजा.

मग तो धुळीत गेला. आणखी दोघे त्याच्यामागे पळाले असे वाटले; त्याचे साथीदार की त्याला धरायला निघालेले, ते कळले नाही. मी दानियलचे डोके मांडीवर घेऊन बसलो होतो. नगरच्या दवाखान्यात दोन दिवस काढून तो गेला. शुद्धीवर आलाच नाही.

पोलिसांना मी त्याच संध्याकाळी सांगितले. नाव घेऊन सांगितले. यात माझे काही शौर्य नव्हते. भीती अजून आलेली नव्हती, एवढेच. माझ्या सदऱ्यावर रक्त होते आणि भीतीला घरात शिरायला अजून वेळ होता.

ती आली ती हळूहळू. मला कुणी धमकी दिली नाही. हे मला स्पष्ट सांगायला हवे, कारण लोकांना वाटते की मला धमक्या आल्या असतील आणि तरीही मी उभा राहिलो. संपतशेठ जामिनावर सुटला आणि काही महिन्यांनी शाळेत आला, पुतण्याच्या दाखल्यासाठी. शिक्षकांच्या खोलीत माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला. चहा मागवला तर प्यायला. खटल्याचे नावही काढले नाही. जाताना दाराशी थांबला.

"सर, तुमची पोरगी नगरच्या कालिजात जाती ना? सकाळची गाडी लई रिकामी असती म्हनं. येळेवर भेटती का?"

मी म्हणालो, भेटते.

"बरं बरं. काळजी घ्या सर. दिस वाईट हायेत."

बस, एवढेच. यात धमकी कुठे आहे? मी शब्द न् शब्द तपासून पाहिला, व्याकरण शिकवणाऱ्या माणसाच्या सवयीने. सापडली नाही. पण त्या दिवसापासून मुलीची गाडी सुटेपर्यंत मी थांब्यावर उभा राहू लागलो. घराच्या फाटकापाशी मोटारसायकलचा वेग कमी झाला की मी उठून खोलीतला दिवा मालवायचो. जेवताना मी दाराकडे तोंड करून बसू लागलो. पत्नीने विचारले तर म्हणालो, वारा बरा येतो. वर्गात फळ्यावर लिहिताना पाठ मुलांकडे होते, तीही मला सोसेना. मी मुलांनाच फळ्यावर लिहायला लावू लागलो. विद्यार्थ्यांना सहभागी करून घेतात, म्हणून तपासणीला आलेल्या साहेबांनी माझे कौतुक केले.

दरम्यान बाकीचे साक्षीदार गळत गेले. उतारापाशी टेम्पो लावलेल्या चालकाने न्यायालयात सांगितले की त्याने काही पाहिलेच नाही. चहावाला म्हणाला, पोलिसांनी सांगितले तिथे अंगठा दिला. दांडक्यावर ठसे मिळाले नव्हते. बाजारातल्या धुळीत ते दांडके कितीजणांच्या हाताखालून गेले होते. ज्या म्हाताऱ्याची बैलजोडी होती त्याला आता तो सौदा आठवत नव्हता. सरकारी वकील बाई तरुण होत्या, मन लावून काम करणाऱ्या. त्या मला म्हणाल्या, सर, आता सगळे तुमच्यावर आहे. त्यांना वाटले, या बोलण्याने मला बळ येईल.

हात धरून माणूस ओळखता येतो यावर त्यांचाही आधी विश्वास नव्हता. त्यांनी आपल्या कार्यालयात माझी परीक्षा घेतली. कारकुनांचे आणि शिपायाचे हात मला एकदा धरायला दिले, मग डोळे मिटायला लावले. मी एकदाही चुकलो नाही. त्या लहान मुलीसारख्या आनंदल्या.

माझ्या मनात त्या वेळी काय होते? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. फितूर व्हायचे, असे मी ठरवले नव्हते. पिंजऱ्यात उभे राहून, मी काही पाहिले नाही, असे मार्थावहिनींच्या देखत म्हणण्याची कल्पना मला सहन होत नव्हती. खरे बोलायचे, असेही ठरवले नव्हते. मला दोन्ही हवे होते. लोकांनी मला धीट म्हणावे, आणि रात्री मला झोप लागावी. दोन्ही कसे मिळणार, हे मला ठाऊक नव्हते. मी फक्त वाट पाहत होतो — काहीतरी घडेल, कुणीतरी मला सोडवेल.

मला सोडवले ते आरोपीच्या वकिलांनी.

नगरच्या न्यायालयात माझी साक्ष झाली. सरतपासणीत मी सगळे सांगितले, जसे घडले तसे. अंगठा, पंजा, सगळे. मार्थावहिनी मागच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पदराचे टोक घट्ट धरून. मग उलटतपासणीला आरोपीचे वकील उठले. वयस्कर, मऊ आवाजाचे गृहस्थ. रागावले नाहीत, ओरडले नाहीत.

"सर, तुम्ही शिक्षक. वर्गात हजेरी कशी घेता? नावे पुकारून, की मुलांचे हात धरून?"

न्यायालयात हशा पिकला. मीही कसनुसा हसलो.

मग त्यांनी न्यायाधीशांकडे परवानगी मागितली. साक्षीदाराला एवढी खात्री आहे तर त्याने ती इथेच दाखवावी. बाजारात काम करणारी, बोट आखडलेली दोन माणसे त्यांनी आणली होती. तिसरा आरोपी. साक्षीदाराच्या डोळ्यांवर पट्टी, हातावर रुमाल, जसा बाजारात असतो तसा. न्यायाधीशांनी सरकारी वकील बाईंकडे पाहिले. हरकत नाही, असे बाई म्हणाल्या. मी पाहिले — त्या हसू दाबत होत्या. त्यांनी माझी परीक्षा घेतलेली होती ना.

माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली. हातावर रुमाल पडला. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कापडाचा वास आला. बाजारातल्या रुमालाला तो वास कधी नसतो.

पहिला हात आला. थंड, जाड कातडीचा. तो नव्हे.

दुसरा आला. बोट तसेच आखडलेले. पण करंगळीकडून धरणारा, सैल, म्हातारा हात. तोही नव्हे.

तिसरा आला. आधी अंगठा टेकला.

मी आता जे सांगणार आहे ते खरे म्हणजे सगळ्यांत अवघड आहे. तो हात घामाने भिजलेला होता. आणि तो थरथरत होता. माझ्या वडिलांच्या हाताला अखेरीस कंप होता, त्याहूनही अधिक. पंजा आवळला गेला नाही. त्याने आवळू दिला नसेल, किंवा त्याला आवळता आला नसेल. पण अंगठा आपल्या सवयीने टेकलाच होता, आणि मला तेवढे पुरेसे होते. त्या हाताने मला काहीही सांगितले नाही. धमकी दिली नाही. विनवणी केली नाही. तो फक्त भ्यालेला होता. इतके महिने ज्याच्या भीतीने मी दाराकडे तोंड करून जेवत होतो, तो माणूस माझ्या मुठीत थरथरत होता — माझ्या एका शब्दाला भिऊन.

मला त्या क्षणी त्याची भीती वाटली नाही. हे लक्षात घ्या. मुलगीही आठवली नाही. पुढे मी स्वतःला अनेकदा सांगितले की मी हे मुलीसाठी केले. ते खोटे आहे. मला भीती वाटली ती नंतरची. डोळ्यांवरची पट्टी निघेल, मी बोट दाखवलेले असेल, सगळे माझ्याकडे पाहत असतील, आणि मग बस पकडून घरी जायचे असेल. उद्या असेल, परवा असेल. ते सगळे दिवस मला त्या अंधारात एकदम दिसले. आणि त्याच वेळी मला हेही दिसले की आता सुटण्याचा रस्ता आहे. चुकण्याचा रस्ता. चुकलेल्या माणसाला कुणी फितूर म्हणत नाही.

"सांगा सर," वकील मऊपणे म्हणाले. "कितवा?"

मी म्हणालो, दुसरा.

पट्टी काढली तेव्हा समोर एक किरकोळ म्हातारा उभा होता, डोळे विस्फारून. बाजारात दोर-दावी विकणारा. त्याने न्यायाधीशांकडे हात जोडले.

"अवो सायेब, म्या न्हाई वो! म्या तर त्या दिशी पाव्हन्याकडं गेल्तो!"

सगळे न्यायालय हसले. न्यायाधीशांनाही चेहरा वळवावा लागला. सरकारी वकील बाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि मग कागदांकडे. त्यांना कळले का? मला ठाऊक नाही. त्यांनी मला कधी विचारले नाही.

संध्याकाळी घोडेगावच्या बसमध्ये मार्थावहिनी माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या होत्या. सगळ्या रस्त्यात त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. उतरताना फक्त मान हलवली.

निकालात न्यायालयाने म्हटले की सरकार पक्ष गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करू शकलेला नाही, म्हणून आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे. माझ्याविषयी दोन ओळी होत्या. साक्षीदार प्रामाणिक आहे, परंतु ओळख पटवण्याच्या त्याच्या क्षमतेवर विसंबून राहणे धोक्याचे होईल, अशा अर्थाच्या. प्रामाणिक. माझ्या आयुष्यात माझ्याविषयी सरकारी कागदावर लिहिला गेलेला हा सर्वांत मोठा गौरव आहे.

दोरवाल्या म्हाताऱ्याला बाजारातली माणसे पुढे कितीतरी वर्षे हाक मारत राहिली, "काय खुनी, च्या घेनार का?" तोही हसून म्हणायचा, "घेतो की, पर हात न्हाई द्येनार!" मी एकदा जवळच उभा होतो. माझ्या कानांवर आले. मी पाठ फिरवली आणि दुसऱ्या रस्त्याने निघालो.

वरच्या न्यायालयात कुणी गेले नाही. मार्थावहिनी श्रीरामपूरला माहेरच्या आधाराने राहू लागल्या. एका दवाखान्यात कामाला लागल्या, दोन्ही मुले शिकवली. दर नाताळला त्यांच्याकडून फराळाचा डबा येतो. करंज्या, शंकरपाळे. आमच्या घरी तो सगळे आवडीने खातात. मीही खातो. न खाल्ला तर विचारतील, अशी भीती मला वाटते.

मुलगी लग्न होऊन दूर गेली. तिच्या सकाळच्या गाडीची काळजी संपून किती वर्षे झाली! मग मी का बोललो नाही? वरच्या न्यायालयात जाण्याची मुदत होती तेव्हा बोलता आले असते. नंतरही, निदान वहिनींपाशी, बोलता आले असते. भीती तीच राहिली, फक्त तिचा चेहरा बदलला. आधी मी संपतशेठला भीत होतो. मग मी त्या बाईला भिऊ लागलो. श्रीरामपूरला कामाने जावे लागले तर दवाखान्याच्या रस्त्याने जायचे मी टाळतो. बसस्थानकात त्यांच्यासारखी पाठ दिसली की मी खांबाआड होतो. खून करणाऱ्याला मी रस्त्यात भेटलो की तो आदराने नमस्कार करतो आणि मी तो स्वीकारतो. ज्याचा खून झाला त्याच्या बायकोपासून मी लपतो.

माझ्या निवृत्तीचा समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. मंडप, सतरंज्या, माजी विद्यार्थी. संपतशेठ आता गावातला वजनदार माणूस. शाल-श्रीफळ त्याच्या हस्ते होते. त्याने शाल घातली, नारळ दिला, आणि छायाचित्रासाठी माझा हात हातात घेतला. कोरडा होता त्याचा हात. शांत. आम्ही दोघेही समोर पाहत होतो.

मी कुणाला बोलावले नव्हते, पण वहिनी आल्या होत्या. श्रीरामपूरहून बस बदलत आल्या होत्या. त्यांनी भाषण केले नाही. कुणीतरी त्यांना माइकपाशी यायला सुचवले तर त्या मान हलवून मागे सरकल्या. मला हायसे वाटले. जेवणे सुरू झाली, पांगापांग झाली, आणि हात धुवायच्या नळापाशी त्या माझ्यासमोर आल्या. पळायला जागा नव्हती. केस पांढरे झालेले. हातात पिशवी.

"सर, एक बोलायचं हुतं. लई दिसांचं मनात हाय."

मला वाटले, कळले यांना. कसे कळले, कुणी सांगितले, हे सगळे एका क्षणात मनात फिरले. आणि खरे सांगू? त्या क्षणी मला थोडे बरेही वाटले.

"कोर्टात तुमी चुकला, तवा मला तुमचा लई राग आला हुता. गाडीत शेजारी बसून बी तुमच्याकडं बघितलं न्हाई म्या. घरी जाऊन नाय नाय ते बोलले तुमाला, पोरांम्होरं. शाप दिले. मग कळाया लागलं. समदे पळाले, तुमी एकलेच आलता. चुकला तर चुकला, मानूस हाय. आन् म्या त्याच मानसाला..." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "दर नाताळला डबा धाडते, पर त्वांडानं बोलाया धीर झाला न्हाई. मला माफ करा, सर."

नळ गळत होता. मागे कुणीतरी पत्रावळी गोळा करत होते. मार्थावहिनी माझ्या उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या.

मी म्हणालो, "असं काय बोलता वहिनी. माझ्या मनात काही नाही. केव्हाच माफ केलं."

त्यांनी डोळे पुसले, मला वाकून नमस्कार केला, आणि त्या शेवटच्या गाडीसाठी निघाल्या.